आधी बूड बघा

जानेवारीच्या शेवटी कोथरूडमध्ये बॅगा उघडतात. नाताळच्या सुट्टीत मुलाकडे, लेकीकडे, नातवंडांकडे जाऊन आलेली मंडळी परततात, चार दिवस झोपेचं गणित जुळवतात आणि पाचव्या दिवशी कर्वे पुतळ्याजवळच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात हातात पिशवी घेऊन उभी राहतात. पिशवीतली वस्तू बाहेर येण्याआधी प्रस्तावना होते : "एकदम नवी आहे हं. एकदाच लावली." त्या 'एकदाच'मध्ये सगळं आलं.

माझा जन्म मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर भरण्यात गेला. निवृत्तीनंतर मित्राच्या दुकानात बसतो आणि या सदरातून घरगुती विजेच्या शंकांना उत्तरं देतो. या वेळची बहुतेक पत्रं परदेशी खरेदीचीच आहेत, म्हणून दुसरे विषय बाजूला ठेवले. पंखा आवाज करतो म्हणून लिहिणाऱ्यांनी महिनाभर थांबावं. पंखाही थांबणार नाही.

"न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे दीड महिना होतो. सुनेच्या विजेच्या कुकरमध्ये राजमा, वरण, खरवस सगळं एकही शिट्टी न होता होतं. सेलमध्ये निम्म्या किमतीत तसाच घेऊन आलो. मुलगा म्हणतो, पिन बदलायचा अडॅप्टर लावा, झालं. इथला वायरमन म्हणतो, हात लावू नका. कोणाचं ऐकू?" — एक वाचक, डहाणूकर कॉलनी

वायरमनचं. चिरंजीव संगणकात हुशार असतील, पण तिकडे राहून राहून इकडची वीज विसरलेत.

कुकर उलटा करा. भांडं आधी काढून ठेवा. बुडाला एक चंदेरी चिठ्ठी असेल, मुंगीएवढ्या अक्षरांची. तिच्यावर बहुधा लिहिलं असेल : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १००० वॅट. अमेरिकेत आणि कॅनडात घरात १२० व्होल्ट येतात. आपल्याकडे २३०. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टला तो हातही लावत नाही. चपट्या पिनांच्या जागी गोल पिना आल्या म्हणून आतल्या कॉइलला कोथरूडची वीज एडिसनची वाटत नाही.

आता हिशोब बघा, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. लोकांना वाटतं, व्होल्ट दुप्पट तर उष्णता दुप्पट. म्हणजे राजमा लवकर शिजेल. तसं नाही. व्होल्ट दुप्पट झाले की त्याच तारेतून प्रवाहही दुप्पट होतो, आणि दोन्हींचा गुणाकार चौपट येतो. २३० ला १२० ने भागलं तर १.९२ येतं, त्याचा वर्ग ३.६७. म्हणजे तुमचा १००० वॅटचा कुकर इथे ३६७० वॅट ओढायला जाईल. बाथरूममधला गीझर साधारण २००० वॅटचा असतो. म्हणजे ओट्यावर जवळजवळ दोन गीझर, तेही मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर, जिथे प्रवाह १६ अँपिअर मागितला जाईल.

प्रत्यक्षात इतकं होईपर्यंत कुकर वाट बघत नाही. आतल्या सर्किटमध्ये वीज शिरते त्या तोंडाशी निळी किंवा पिवळी चकती असते, हरभऱ्याच्या डाळीसारखी, थोडी मोठी. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्ट फार चढले की ती स्वतः फुटते आणि सोबत फ्यूज घेऊन जाते. 'फट्' असा आवाज, थोडा धूर आणि करपलेल्या मातीसारखा वास. ज्यांनी 'एकदाच' लावून बघितलं त्यांनी तो वास आला होता का ते आठवावं. आला असेल आणि लगेच बटण बंद केलं असेल, तर पुष्कळदा ती चकती आणि फ्यूज बदलून भागतं. पुन्हा पुन्हा लावून बघितलं असेल, तर मी फक्त सांत्वन करू शकतो.

कुकर इथे वापरायचाच असेल तर व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. १००० वॅटसाठी किमान १५०० व्हीएचा घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बांधून देतात. तिथे दोन गोष्टी विचारा. वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं? आणि ट्रान्सफॉर्मर 'ऑटो' आहे की दोन वेगळ्या वाइंडिंगचा? ऑटो हलका आणि स्वस्त असतो, पण त्याचं सामाईक वाइंडिंग तुटलं तर पलीकडे थेट २३० पोचतात, म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं तेच. दोन वाइंडिंगचा घेतलात तर उचलताना कंबर सांभाळा. शिवाय तो ओट्यावर तुमच्या कुकरपेक्षा जास्त जागा खाईल आणि दिवसभर गुंगुं करत राहील.

माझा सल्ला विचाराल तर कुकर पुन्हा खोक्यात घाला. खोकं असणारच, कोथरूडमध्ये खोकं कोणी टाकत नाही, माळ्यावर ठेवतात. ओळखीत कोणी ना कोणी अमेरिकेला निघालेलं असतंच. त्यांच्या लेकीला द्या. २३० व्होल्टचे तसेच कुकर इथेही मिळतात, आणि तोवर तीन शिट्ट्यांचा आपला कुकर आहेच.

ट्रान्सफॉर्मरवरून माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे वाचकांना वाटणार नाही की हा माणूस उंचावर बसून बोलतो. बऱ्याच वर्षांपूर्वी बहिणीने बॉस्टनहून टोस्टर आणला. मी मोठ्या ऐटीत घरीच ट्रान्सफॉर्मर बांधला. तांबं उत्तम, वेढे मोजून घातलेले. जोडताना वायरी उलट जोडल्या. २३० व्होल्ट १२० च्या बाजूला दिले की पलीकडे ४४० च्या आसपास निघतात, हे मी कारखान्यात शिकाऊ मुलांना शिकवत असे. टोस्टर क्षणभर कंदिलासारखा उजळला आणि विझला. बायकोने ब्रेडचे दोन काप शांतपणे काढून तव्यावर टाकले. ती काही बोलली नाही. अजूनही बोलत नाही, फक्त पाहुण्यांसमोर 'टोस्टर' हा शब्द उच्चारते.

"विमानतळावर तळहातावर मावेल एवढा कन्व्हर्टर मिळाला. त्याच्यावर २००० वॅट असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यावर जावयाने दिलेला विजेचा टूथब्रश चार्जिंगला लावला, तर तो कायमचा गेला. २००० वॅटच्या कन्व्हर्टरला एवढासा ब्रश झेपला नाही?" — महात्मा सोसायटी

झेपला नाही हे खरं, पण उलट कारणाने. आधी तुमच्याच शंकेतला धागा पकडा. १५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर दोन हातांनी उचलावा लागतो आणि २००० वॅटचा कन्व्हर्टर शर्टाच्या खिशात जातो. मग त्यात लोखंड आणि तांबं गेलं कुठे? नाहीच ते. त्यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, जो विजेच्या प्रत्येक लाटेचा बराचसा भाग कापून टाकतो. उरलेल्या तुकड्यांची सरासरी १२० व्होल्टसारखी भासते, पण प्रत्येक तुकड्याचं टोक २३० चंच असतं. इस्त्री किंवा केस वाळवायचा साधा ड्रायर यांना चालतं, त्यांना फक्त गरम व्हायचं असतं. ज्यात सर्किट, चार्जर किंवा ट्रान्सफॉर्मर आहे त्याला ते टोक लागतं. अशा कन्व्हर्टरच्या सूचनापत्रात हे लिहिलेलं असतं. सूचनापत्र खोक्यात असतं आणि खोकं विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात. विमानतळावर कोथरूडचा माणूसही बिघडतो.

ब्रशचं खाली-वर फिरणारं यंत्र बहुधा शाबूत असेल. गेला असेल तो चार्जिंगचा खुंटा. त्याच जातीचा २३० व्होल्टचा खुंटा मिळाला तर बसवून बघा.

"शिकागोजवळ एका घरासमोर जुन्या सामानाची विक्री लागली होती. तिथून लाकडी पेटीचं, विजेवर चालणारं काट्यांचं घड्याळ घेतलं. आपण मागे लिहिलं होतं त्याप्रमाणे ट्रान्सफॉर्मर लावला. घड्याळ सुरळीत चालतं, पण सकाळी सहाला लावलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते रात्रीचे दोन दाखवतं. घड्याळजी म्हणतात यंत्रात दोष नाही." — निवृत्त प्राध्यापक, मयूर कॉलनी

सर, या महिन्यातलं माझं आवडतं पत्र तुमचं. घड्याळजींचं बरोबर आहे आणि घड्याळाचंही. चूक पुण्याची आहे.

या घड्याळात ना चावी, ना सेल, ना लंबक. आत एक छोटी सिंक्रोनस मोटार असते, जी विजेच्या ठेक्यावर नाचते. अमेरिकेत तो ठेका सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, ठेका बदलत नाही. जेवढे हेलकावे आत गेले तेवढेच बाहेर येतात. त्यामुळे तासाभरात तुमचं घड्याळ पन्नासच मिनिटं चालतं. चोवीस तासांत वीस तास. सकाळचे सहा अधिक वीस, म्हणजे रात्रीचे दोन. तुमचं निरीक्षण मिनिटाला धरून आहे, नेमकं सांगितल्याबद्दल आभार. एरवी पत्रात 'घड्याळ मागे पडतं' एवढंच असतं आणि मला दहा प्रश्न विचारावे लागतात.

घड्याळ चालतं करायचं असेल तर फ्रिक्वेन्सी बदलणारं यंत्र घ्यावं लागेल, ते घड्याळाच्या दसपट किमतीचं. सोपा उपाय म्हणजे आतली मोटार काढून सेलवर चालणारं क्वार्ट्झचं यंत्र बसवणं. काटे आणि पेटी तशीच राहते. लक्ष्मी रोडवर जुने घड्याळजी हे काम करतात. पण मी तुमच्या जागी असतो तर काहीच केलं नसतं. दिवाणखान्यात वीस तासांचा दिवस दाखवणारं घड्याळ किती जणांकडे असेल?

हाच घोळ दुसऱ्या वस्तूंतही होतो, फक्त तो काट्यांवर दिसत नाही. ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या मायक्रोवेव्हचा जड ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि गरम होतो. उलट मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीन यांच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात. त्यांना ठेक्याचं फारसं पडलेलं नसतं, योग्य व्होल्ट मिळाले की पुरे.

आणि हे ५०-६० चं भांडण एकाच देशात बघायचं असेल तर जपानला जा. टोकियोने १८९५ साली जर्मन जनित्रं आणली, ५० हर्ट्झची. ओसाकाने पुढच्याच वर्षी अमेरिकन आणली, ६० ची. नंतर कोणी बदललं नाही. आजही पूर्व जपान ५० वर आणि पश्चिम जपान ६० वर, मधली सीमा फुजी नदीपाशी. मार्च २०११ च्या भूकंप-सुनामीनंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी तिकडे नेता येईना, कारण दोन ठेके जुळवणारी केंद्रं फार लहान होती. दोन्हीकडे घरात व्होल्ट मात्र सारखे, १००. त्यामुळे टोकियोच्या मुलीने दिलेल्या भाताच्या कुकरला अमेरिकन वस्तूंचा १२० चा ट्रान्सफॉर्मरही चालत नाही, हे आयडियल कॉलनीतल्या ताईंनी लक्षात घ्यावं. त्यांचं पत्र वेगळं छापत नाही, उत्तर इथेच आलं.

"मेलबर्नला लेकीकडे होतो. २६ डिसेंबरच्या सेलमध्ये पाणी उकळायची किटली आणि खोली गरम करायचा हीटर घेतला. तिथेही २३० व्होल्टच आहेत असं जावई म्हणाले. तरी युनिव्हर्सल अडॅप्टर लावला तर वितळला. जावई चुकले का?" — आजी-आजोबा, गांधी भवन परिसर

जावई बरोबर आहेत, त्यांना ओरडू नका. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, युरोपचा बराचसा भाग, दुबई, सिंगापूर इथली वीज आपल्यासारखीच, २३० च्या आसपास आणि ५० हर्ट्झ. खरेदीसाठी हे देश आपल्याला सोयीचे. (अमेरिकेहून आलेल्या वस्तूंपुढे ऑस्ट्रेलियाहून आलेल्या वस्तूंचा कोणी तोरा मिरवत नाही, पण चालतात त्याच.)

गोष्ट अडली ती पिनांत. ऑस्ट्रेलियातल्या पिना तिरक्या, भुवया वर केल्यासारख्या. तिथलं घरातलं साधं सॉकेटच १० अँपिअरचं असतं, म्हणून किटली २४०० वॅटपर्यंतची सर्रास मिळते. आपलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं. तुमची किटली साडेदहा अँपिअर ओढत होती आणि मध्ये तो युनिव्हर्सल अडॅप्टर, ज्याच्या आत पितळेच्या दोन पत्र्या पिनेला जेमतेम टेकलेल्या असतात. टेकण सैल की तिथे ठिणगी, ठिणगी की उष्णता, उष्णता की प्लास्टिक वितळतं. अडॅप्टर फोनच्या चार्जरसाठी ठीक. पाणी उकळणारी, हवा तापवणारी, कपडे इस्त्री करणारी कुठलीही वस्तू त्यावर लावू नका.

करायचं एवढंच : वायरमनला बोलवा, तिरकी पिन कापायला सांगा आणि १६ अँपिअरची जाड तीन पिनांची टॉप बसवून घ्या, ती गीझर-एसीच्या मोठ्या सॉकेटमध्ये जाते. वायरीचे रंग त्याला दाखवा. ऑस्ट्रेलियातल्या वस्तूत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ. आपल्या जुन्या घरांतल्या वायरिंगमध्ये लाल, काळी, हिरवी असते. जुना वायरमन निळी वायर बघून क्षणभर विचारात पडतो, तो क्षण त्याला द्या. अर्थची वायर 'एवढी काय लागते' म्हणून कापून टाकू देऊ नका. किटली धातूची आहे आणि तुमचे हात ओले असतात.

पिन कापली की गॅरंटी गेली, पण मेलबर्नची गॅरंटी तुम्ही कोथरूडमध्ये वापरणार कशी, हाही प्रश्न आहे.

ब्रिटनहून आलेल्यांसाठी पुरवणी : तिथल्या जाडजूड चौकोनी पिनांच्या प्लगच्या पोटात छोटा फ्यूज असतो. प्लग कापला की तोही जातो. पूर्वी ब्रिटनमध्येही आपल्यासारख्याच गोल पिना होत्या. आपण त्यांच्याकडूनच घेतल्या. १९४७ साली त्यांनी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं, आणि आपल्याला त्या वर्षी दुसरी कामं होती.

हीटरबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. पुण्यात तो वर्षातून दहा रात्री लागेल. पायात मोजे घाला.

"मुलाने सिॲटलहून नवा आयफोन दिला. सिम घालायची जागाच सापडत नाही. सुई घेऊन तासभर शोधली. दोष आहे का?" — आजी, भुसारी कॉलनी

आजी, सुई ठेवून द्या, आणि ज्या भोकात घातली असेल ते बहुधा माइकचं होतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना २०२२ च्या १४ क्रमांकाच्या मॉडेलपासून सिमची खाचच नाही. त्यात ई-सिम चालतं, म्हणजे सिमची माहिती फोनमध्येच उतरवून घेतात. जिओ, एअरटेल, व्ही या कंपन्या ते देतात.

एकच घाई करू नका. जुना फोन लगेच कामवालीच्या मुलाला देऊन टाकू नका. बँकेचे, गॅसचे, डिमॅटचे सगळे ओटीपी जुन्या सिमवर येतात, आणि बदलाच्या काळात काही वेळ संदेश येणं थांबू शकतं. कंपनीच्या दुकानात आधार कार्ड घेऊन स्वतः जा, नवा फोन आणि जुना फोन दोन्ही सोबत ठेवा. 'ई-सिम करून देतो, आलेला नंबर सांगा' असा फोन घरी आला तर तो चोराचा आहे, कितीही गोड मराठी बोलला तरी.

वनाझ कॉर्नरच्या वाचकांनी चेक-इन बॅगेतली पॉवर बँक विमानतळावर काढून घेतली म्हणून तक्रार केली आहे. तक्रार गैरवाजवी. सुटी लिथियम बॅटरी पोटातल्या सामानात चालतच नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंत कोणाची परवानगी लागत नाही. पॉवर बँकेवरच्या एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा : २०,००० वालीचे ७४ होतात, चालते. ३०,००० वालीचे १११, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षारक्षक तुमचा हिशोब ऐकून घेत नाही.

टीव्हीबद्दल तीन पत्रं आहेत, तिघांनाही एकच उत्तर. आणू नका. २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याचा टीव्ही बिनशुल्क सामानात धरत नाहीत, कितीही लहान असला तरी जकात पडते. खोकं तपासणीतून आणि बॅगांच्या पट्ट्यावरून धड आलं, तरी पडदा फुटला तर बदली पडदा मिळत नाही. जकातीच्या बाकी प्रश्नांना मी उत्तर देत नाही, तो माझा प्रांत नाही.

"आम्ही दोघं पुढच्या डिसेंबरात टोरंटोला जाणार आहोत. तुम्ही सगळ्याला नाहीच म्हणता. मग आणावं तरी काय?" — डेपोजवळून

सगळ्याला नाही म्हणत नाही. ज्या वस्तूच्या चिठ्ठीवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं आहे ती डोळे मिटून घ्या. लॅपटॉपचे, फोनचे, कॅमेऱ्याचे चार्जर, श्वासाच्या काही यंत्रांचे पुरवठे असेच असतात. त्यांना जगात कुठेही फक्त पिन लागते. केसांच्या काही ड्रायरना १२५ आणि २५० असं एक बारीक बटण असतं, पेचकसाने फिरवायचं. ते फिरवायचं लक्षात ठेवा, नाही तर आमच्या दुकानात भेटूच.

पण मला स्वतःला विचाराल, तर इतक्या वर्षांत परदेशाहून आलेल्या आणि पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या वस्तूंना वायरच नाही.

घरातली सर्वांत लाडकी म्हणजे एक लांबट, अरुंद किसणी. हे मुळात सुताराचं हत्यार, लाकूड घासायची कानस. १९९४ च्या सुमारास कॅनडात ओटावाला लाकूडकामाच्या हत्यारांचं दुकान चालवणाऱ्याच्या बायकोने केकसाठी संत्र्याची साल त्यावर किसून बघितली, आणि हत्यारांच्या सूचीतून ती स्वयंपाकघरात गेली अशी गोष्ट सांगतात. तुम्ही त्याच देशात चाललात. दात बारीक आणि धारदार असतात, वस्तू चिरडत नाहीत, तासतात. आलं धागे न निघता किसलं जातं. आणि जायफळ! श्रीखंडासाठी सहाणेवर जायफळ उगाळताना निम्मं सहाणेलाच चिकटतं. यावर चार वेळा फिरवलं की श्रीखंडावर थेट पिवळसर भुरभुर पडते आणि वास उठतो तो वेगळाच. बोटांची टोकं मात्र जपा. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे, आणि तेव्हाचं श्रीखंड आम्ही कोणाला वाढलं नाही.

दुसरी, बरण्यांची झाकणं उघडायची रबरी पकड. संधिवाताच्या हातांना लोणच्याची बरणी हे मोठं संकट असतं. त्या पकडीने आमच्या शेजारच्या आजींचं घर एकट्याने चालतं असं म्हटलं तरी चालेल. वजन नगण्य, किंमत किरकोळ, जकातीचा प्रश्न नाही.

आणू नका तो बिडाचा तवा. अमेरिकेत टेनेसीतली लॉज कंपनी १८९६ पासून बिडाची भांडी ओतते, उत्तम ओतते, आणि त्यांचा सव्वादहा इंची तवा अडीच किलोच्या घरात जातो. २३ किलोच्या बॅगेतले अडीच किलो. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी तो छातीशी धरून आणला आणि मला विचारायला आले की याला काही व्होल्टेजची अडचण नाही ना. नाही. फक्त तसाच बिडाचा तवा बोहरी आळीत मिळतो, त्यांच्या आजीकडे होता, आणि बहुधा अजून माळ्यावर असेल. ते गप्प झाले. मला वाटतं माळ्यावर होता.

तिकडून इकडे आणण्याची पत्रं एवढी, पण इकडून तिकडे नेण्याचं यंदा एकच आलं. अक्षर लहान मुलाचं आहे, पत्ता भुसारी कॉलनीचा, सोबत आजोबांची सही.

"माझी आई सिॲटलला आहे. आजी तिला होळीच्या आधी पुरणयंत्र पाठवणार आहे. ते ११० व्होल्टवर चालेल का? जाळ्या दोन आहेत."

चालेल. हँडल उजव्या हाताने फिरवायचं, डाळ गरम असतानाच घालायची, आणि बारीक जाळी आधी लावायची.